जपानी की कोरियन

आयर्लंडमधल्या ल्यूकनमध्ये मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या गृहस्थांना गाड्यांमधलं सगळं कळत होतं. फक्त गाडी चालवता येत नव्हती. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलतोय असं नाही, तोंडावरही बोललो आहे. त्यावर ते म्हणाले होते, "क्रिकेटची कॉमेंट्री करणारा काय स्वतः बॅटिंग करून राहिला असतो का, पुणेकर?"

मी पुण्याचा म्हणून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मीही त्यांचं नाव इथे सांगत नाही. ल्यूकन-ॲडम्सटाउनच्या मराठी मंडळींत सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, तेवढं पुरे आहे. मूळचे नागपूरचे, वय पंचेचाळीसच्या पुढे, आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेली. टेस्टिंगवाल्या माणसाला कुठलीही गोष्ट चांगली आहे असं पटकन म्हणवत नाही. भाऊ चहाचासुद्धा एक घोट घ्यायचे, थांबायचे, दुसरा घ्यायचे आणि मग म्हणायचे, "सध्या तरी ठीक आहे." वहिनी हे वाक्य लग्नापासून ऐकत आल्या होत्या आणि ते ऐकायला स्वयंपाकघरात थांबायच्या नाहीत.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात मी खोली बघायला गेलो तेव्हा भाऊंनी ना माझी नोकरी विचारली, ना मी मांसाहार करतो का ते विचारलं. दार उघडून पहिला प्रश्न आला, "लायसन्स आहे का? इथलं, आयरिश?" मी म्हटलं, गेल्याच महिन्यात मिळालं. "मग खोली तुझी," भाऊ म्हणाले. खोली एवढीशी होती, पलंगावर बसलं की गुडघे कपाटाला लागायचे. मला वाटलं, काय दिलदार माणूस आहे. पुढच्याच शनिवारी कळलं की मला भाडेकरू म्हणून नव्हे, ड्रायव्हर म्हणून ठेवलं होतं.

गाडी हवी होती ती वहिनींसाठी. वहिनींनी नागपुरात अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनचं काम केलं होतं. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्या आणि काही वर्षं घरीच बसल्या, कारण काम करायला वेगळी परवानगी लागायची. त्या वर्षी ती परवानगी आली. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली, आणि जुना पांढरा कोट ट्रंकेतून काढून इस्त्री करून दाराच्या मागे टांगला. पण लॅब म्हणून ज्या होत्या त्या सगळ्या शेजारच्या किल्डेअर जिल्ह्याच्या बाजूला, गावाबाहेरच्या वसाहतींमध्ये. पाळी बारा तासांची, सकाळी सातला सुरू, आणि तिथे सातला पोहोचवणारी बस नाही. तेव्हा गाडी घ्यायची असं ठरलं, आणि ती निवडायचं काम भाऊंनी आपल्या अंगावर घेतलं. घात तिथेच झाला.

भाऊंनी पंधरा दिवसांत बाजारातल्या सगळ्या गाड्या चाळून दोन शिल्लक ठेवल्या. दोन्ही लहान एसयूव्ही, जराशा उंच, चार माणसं आणि सामान नीट मावेल अशा. एक जपानी, एक कोरियन. कंपनीची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. घरात "जपानी" आणि "कोरियन" असंच बोललं जायचं, दोन स्थळं सांगून आल्यासारखं. नवखा पाहुणा आला की त्याला वाटायचं, घरात कुणाचं तरी लग्न अडलंय.

मग शनिवारी शोरूम. भाऊंना लायसन्स नसल्यामुळे ट्रायल घ्यायला मी. भाऊ आधी मागे बसायचे, मग पुढे, मग पुन्हा मागे, आणि मांडीवर वही. जाताना घरून सामान न्यायचं: पाच लिटरचा कुकर, तांदळाचं दहा किलोचं पोतं आणि मंडळाच्या गणपतीचं मखर. थर्मोकोलचं ते मखर वर्षभर भाऊंच्या माळ्यावर असायचं. डिक्कीत कुकर आणि तांदूळ दोन्ही गाड्यांत गेले. मखर कोरियनमध्ये सरळ बसलं, जपानीमध्ये तिरकं करावं लागलं. भाऊंनी जपानीचा अर्धा मार्क कापला.

"अहो, गणपती वर्षातून एकदा येतो," वहिनी म्हणाल्या. "मला रोज जायचंय."

"तुझा मुद्दा नोट केला आहे," भाऊ म्हणाले, आणि खरंच वहीत लिहिला.

शोरूमचा विक्रेता तांबड्या दाढीचा, अतिशय सज्जन. मखर बघून त्याने काही विचारलं नाही, उलट एक बाजू धरली. निघताना म्हणाला, "टेक युअर टाइम, लॅड्स. यू आर ग्रँड." म्हणजे सावकाश ठरवा, काही हरकत नाही. बिचाऱ्याने रीत म्हणून म्हटलं असेल. भाऊंनी मनावर घेतलं आणि पुढची तीन वर्षं वेळ घेतला.

कोणती गाडी घेतली या काळजीने वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आत्ताच सांगून टाकतो. शेवटी कोरियन घेतली. वहिनींनी घेतली, अर्ध्या तासात, निळा रंग आवडला म्हणून. भाऊ त्या दिवशी ऑफिसात होते. आता पुढे.

तीन वर्षं का लागली याला भाऊंकडे चोख उत्तर होतं: हिवाळा. रोजच्या वापराला दोन्ही गाड्या सारख्याच आहेत, खरा फरक हिवाळ्यात कळेल, आणि हिवाळ्यात कशी चालते हे हिवाळ्यातच तपासलं पाहिजे. ऐकायला बिनतोड होतं. पण आयर्लंडचा हिवाळा म्हणजे चार महिने पाऊस आणि मधूनच एखाद्या सकाळी काचेवर दहिवर गोठलेलं. पहिला हिवाळा नुसता ओला गेला. भाऊंनी शेरा मारला, "हा हिवाळा धरायचा नाही." दुसरा उबदार गेला. तोही धरला नाही. हवामानखात्याने कुठे बर्फाचा नुसता उल्लेख केला तरी भाऊंचा चेहरा उजळायचा, आणि पाऊस पडला की ते दिवसभर कुणाशी नीट बोलायचे नाहीत.

नशिबाने आमच्या गल्लीत दोन्ही गाड्या हजर होत्या. डावीकडच्या प्लंबरकडे कोरियन, उजवीकडच्या नर्सबाईंकडे जपानी. गोठलेल्या सकाळी भाऊ ड्रेसिंग गाऊन घालून वरच्या खिडकीत उभे राहायचे आणि कुणाची काच किती मिनिटांत साफ होते ते मोबाइलवर मोजायचे. दहा-बारा दिवस हे चाललं. मग एका सकाळी प्लंबरने बेल वाजवली आणि अदबीने विचारलं, त्याच्याबद्दल काही तक्रार आहे का? भाऊंनी त्याला आत ओढलं, चहा दिला, चिवडा दिला आणि तास-दीड तास मुलाखत घेतली. सीट किती वेळात गरम होते, चढावर घसरते का, बायको काय म्हणते. तो गेल्यावर म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण निरीक्षण काहीच नाही त्याचं."

एवढं ज्ञान साठल्यावर ते सांडणारच. गणेशोत्सवात, दिवाळीच्या फराळाला भाऊंभोवती घोळका असायचा. भाऊ आधी माणसाकडे बघायचे, मग गाडी सांगायचे. "तू जपानी घे, तू मनाचा घाबरट आहेस." "तुझी बायको समजूतदार आहे ना? मग कोरियन चालेल." तीन वर्षांत त्यांच्या सल्ल्याने निदान आठ कुटुंबांनी गाड्या घेतल्या. आठही जण खूश होते आणि आठही जण आपल्या गाडीतून भाऊंना घरी सोडायला यायचे. भाऊंची चौदा वर्षांची मुलगी, जिला आमचं मराठी सगळं समजायचं पण जी उत्तर इंग्रजीतच द्यायची, एकदा मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, जस्ट पिक वन, लाइक. इट्स ओन्ली अ कार." भाऊ मला म्हणाले, "पाहिलं? ही पिढी टेस्टिंगच करत नाही."

आता लायसन्सचं. भाऊंनी परीक्षा दिली नव्हती असं नाही. दोनदा दिली आणि दोनदा नापास झाले. नागपुरात वीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस, पण इथे राउंडअबाउट, म्हणजे बिनसिग्नलचा गोल चौक, आला की त्यांचा संयम सुटायचा नाही, हीच अडचण होती. उजवीकडून गाडी आली की थांबायचे. ती गेली की तिच्यामागची लांबवर दिसायची, तिच्यासाठी थांबायचे. एकदा परीक्षकाला शेजारी बसवून ते एका राउंडअबाउटवर इतका वेळ उभे राहिले की मागच्या लॉरीवाल्याने खाली उतरून मदत हवी का म्हणून विचारलं. निकालाच्या कागदावर पुढे न सरकल्याबद्दल फुल्याच फुल्या होत्या. भाऊंचं मत एवढंच, "युवर मॅनला घाई होती." युवर मॅन म्हणजे परीक्षक. हा शब्द त्यांनी प्लंबरकडून उचलला होता.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, तोवर आम्ही नेलं. पण दोन हजार सोळामध्ये वहिनींना एका लॅबमधून बोलावणं आलं. मुलाखत झाली, काम पसंत पडलं, आणि शेवटी त्यांनी विचारलं, गाडी आहे ना? वहिनी म्हणाल्या, येतेय. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "एक महिन्यात घेऊ या का? मी शिकेपर्यंत हा बसेल बाजूला." हा म्हणजे मी. भाऊंनी वही उघडली. हिवाळ्याचा रकाना रिकामा होता. "घाईत घेतली आणि बर्फात कुठे अडकलीस म्हणजे?" ते म्हणाले. लॅबवाल्यांनी सहा आठवडे वाट पाहिली आणि दुसऱ्या कुणाला घेतलं. त्या संध्याकाळी वहिनींनी आम्हा सगळ्यांना फोडणीचा भात वाढला आणि दारामागचा कोट काढून पुन्हा ट्रंकेत ठेवला. मला तो भात जाईना.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गाडीच्या विम्यात वहिनींचं नाव घातलं. माझी गाडी म्हणजे अकरा वर्षांची चिमुकली हॅचबॅक. भाऊ तिला छकडा म्हणायचे आणि तिच्यात बसताना दरवेळी कपाळ आपटून घ्यायचे. वहिनी त्या छकड्यावर शिकल्या. सक्तीचे सगळे धडे घेतले, रविवारी माझ्याबरोबर सराव केला, आणि दोन हजार सतराच्या शरद ऋतूत पहिल्या फटक्यात पास झाल्या. भाऊंनी पेढे आणले. सगळ्यांना वाटले, शेजारच्या नर्सबाईंनाही दिले. आणि संध्याकाळी, का कोण जाणे, वरच्या खोलीत एकटेच बसून राहिले.

फेब्रुवारीत वहिनींना पुन्हा नोकरी आली. आधीच्यापेक्षा चांगली. मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं. भाऊ म्हणाले, त्याआधीच्या गुरुवारी शोरूमला जाऊ आणि निकाल लावू. आणि त्याच आठवड्यात आयर्लंडवर बर्फ आला.

असा बर्फ की इथल्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा लहानपणीच्या आठवणी काढल्या. सरकारने घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. दुकानांतला ब्रेड संपला. बस बंद, आगगाड्या बंद, शोरूम बंद. भाऊंच्या आनंदाला पारावार नव्हता. तीन वर्षं वाट पाहिलेला हिवाळा दारात गुडघाभर उभा होता. गमबूट घालून ते दिवसातून चार वेळा गल्लीत जायचे. प्लंबरची कोरियन दिसत नव्हती आणि नर्सबाईंची जपानी त्याहून दिसत नव्हती, पण भाऊ दोन्ही ढिगाऱ्यांसमोर उभं राहून काहीतरी लिहायचे.

शनिवारी दुपारी बर्फ थांबला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. भाऊंनी लॅपटॉप उघडला आणि वहिनींना म्हणाले, "मी असं करून राहिलो, तुझ्या लॅबला एक मेल लिहून देतो. सोमवारऐवजी दोन आठवड्यांनी जॉइन होतो म्हण. रस्ते खराब आहेत, ते समजून घेतील. तोवर बर्फातली ट्रायल होऊन जाईल. एवढी संधी पुन्हा नाही यायची."

वहिनी कपाटात वाट्या लावत होत्या. त्या वळल्या, दोन पावलं आल्या आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. जोरात नाही, डब्याचं झाकण लावतात तसा.

"मेल लिहायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण गाडीच नाही तर..."

"गाडी का नाही ते मला ठाऊक आहे. मी बोलत नव्हते." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "मी चालवणार आणि तुम्ही बाजूला बसणार, हे तुम्हाला सोसत नाही. एवढंच आहे ते. बाकी सगळं, डिक्की आणि मखर आणि हिवाळा, हे तुम्ही स्वतःलाच सांगता आहात."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मला वाटत होतं, आता ते काहीतरी बिनतोड बोलतील. पण ते उठले आणि मिटलेला लॅपटॉप तसाच ठेवून वर गेले.

"मी सोमवारी जाणार," वहिनी मला म्हणाल्या. "तुझी गाडी देशील ना?"

मी हो म्हटलं. मला हो म्हणताना भीती वाटली, कारण छकडा आणि मुख्य रस्ता यांच्यामध्ये आमच्या वसाहतीतला रस्ता होता. दोन वळणं, एक चढ आणि त्यावर गुडघाभर बर्फ. मोठे रस्ते साफ झाल्याचं बातम्यांत सांगत होते, पण वसाहतींच्या आत कुणी फिरकणार नव्हतं.

रविवारी सकाळी मला खरवडण्याच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर भाऊ. अंगात दोन स्वेटर, डोक्याला वहिनींची शाल आणि हातात कणीक मळायची स्टीलची परात. फावडी गावातल्या दुकानांतून केव्हाच संपली होती. ते वाकायचे, परात बर्फात खुपसायचे, भरायचे आणि कडेला नेऊन ओतायचे. घरापासून पंधरा हात झालेही होते. मी खाली गेलो आणि म्हटलं, "भाऊ, उद्यापर्यंत वितळेल थोडं."

"थोडं वितळून पुन्हा गोठलं की काच होते," ते म्हणाले. "घसरेल ती."

मी कढई घेऊन आलो. दुपारी प्लंबर खरं फावडं घेऊन आला, वळणापर्यंत हात लावला आणि गेला. आम्ही दिवस मावळेपर्यंत खणत होतो. एक गाडी जाईल एवढी वाट मुख्य रस्त्यापर्यंत झाली. शेवटी भाऊंनी घरातून लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ आणलं आणि चढावर मूठमूठ टाकलं, शेतात पेरल्यासारखं. त्यांचे हात लाल होऊन सुजले होते. दिवसभरात त्यांनी जपानीचं नाव काढलं नाही की कोरियनचं नाही.

सोमवारी सकाळी पावणेसहाला वहिनी तयार होऊन बाहेर आल्या. हातात डबा, खांद्यावर पिशवी, पिशवीत घडी घातलेला कोट. मी काच खरवडून दिली. वहिनी बसल्या, आरसा नीट केला. भाऊ दाराशी उभे होते. मला वाटलं, आता सूचना सुरू होतील. ते आले, डावीकडचं दार उघडलं, कपाळ आपटलं आणि आत बसले.

"कोपऱ्यापर्यंत येतो," ते म्हणाले.

गाडी निघाली. मी मागून चालत होतो, लागलाच तर धक्का द्यायला. चढावर एकदा चाक जागच्या जागी फिरलं, मी मागून हात लावायला धावलो. मग मिठाने काम केलं म्हणा किंवा वहिनींनी, गाडी वर चढली. मुख्य रस्त्याच्या तोंडाशी भाऊ उतरले. गाडी वळली, तिचे मागचे दिवे राउंडअबाउटकडे गेले आणि क्षणभरही न थांबता पलीकडे निघून गेले. आत काय बोलणं झालं ते मी पुढे एकदा वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, हे सीटबेल्ट हाताने धरून बसले होते.

"चला भाऊ, गारठाल," मी म्हटलं.

"पोहोचू दे तिला."

आम्ही तिथेच उभे राहिलो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. उजाडायला लागलं होतं. भाऊंचा फोन वाजला. त्यांनी तो वाचला आणि मला दाखवला. "पोहोचले. सातला दहा कमी." भाऊंनी नाक पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन वर्षं उशिरा पोहोचली, पुणेकर. माझ्यामुळे."

नाही हो भाऊ, असं म्हणायची रीत असते, पण ते खोटं झालं असतं. आम्ही परत चालायला लागलो. चढाशी आल्यावर भाऊ थांबले. वाट एका गाडीपुरती होती, आणि उताराच्या बाजूच्या कडेला रात्रीचं पाणी गोठून चकचकत होतं.

"इथून ती उतरणार संध्याकाळी," ते म्हणाले. "अंधार असेल तोवर." आणि घरात जाऊन परात घेऊन आले.